संडासाची फिल्म: भांडुपच्या टेकडीवरच्या सहा महिन्यांच्या नोंदी

भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या एका वस्तीत २० सीटचा सार्वजनिक संडास आहे. २०२२ पासून तो वस्तीतल्या बायकांचा बचत गट चालवतो, म्हणजे पासचे पैसे गोळा करायचे, सफाई, लाइट बिल, नळ-कडी तुटली की दुरुस्ती, सगळं त्याच बघतात. आजूबाजूच्या दोन वस्त्यांतल्या बायका सारख्या विचारायला येतात की तुम्ही हे कसं जमवलंत, आणि तेच तेच तोंडी सांगून ह्या थकल्या, त्यातून व्हिडिओचं निघालं. मी ह्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. ठरलं असं की काय दाखवायचं ते बायकाच ठरवणार, शूटिंगही त्याच करणार, मी शिकवायचं आणि सामान सांभाळायचं. कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून दर वेळी घरी येऊन लिहून ठेवलं, चुका पण आहेत तशाच ठेवल्यात.

५ जानेवारी २०२५, रविवार

बालवाडीच्या खोलीत पहिली बैठक. ११ बायका, ३ पोरं (दोन मुली दहावीच्या, एक मुलगा कॉलेजचा). सामान: संस्थेचे दोन अँड्रॉइड फोन, एक ट्रायपॉड ७५० रुपयांचा, एक कॉलरला लावायचा वायरचा माइक ९०० रुपयांचा.

आजचा दिवस माझ्यामुळे वाया गेला. मी ४० मिनिटं समजावत बसले, फ्रेम म्हणजे काय, क्लोजअप म्हणजे काय, फळ्यावर चित्रं काढून. सगळ्या मान हलवत होत्या, पण शेवटी फोन पुढे केला तर एकीनेही हात लावला नाही. एक मालवणी आजी म्हणाल्या, "माका नको गो तो फोन, पडलो तर भरून कोण देतलो?" हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मी आधी द्यायला हवं होतं. फोन पडला, फुटला तर संस्था बघेल, कोणाकडून एक रुपया घेणार नाही, हे आता मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय. तुम्ही करणार असाल तर पहिलं वाक्य हेच बोला.

१२ जानेवारी, रविवार

आज काहीच समजावलं नाही. गोल बसलो, फोन पहिलीच्या हातात, माइक दुसरीच्या हातात. जिच्या हातात माइक तिने नाव सांगायचं आणि लग्न होऊन ह्या टेकडीवर आली तेव्हा पहिल्यांदा काय बघितलं ते सांगायचं, मग माइक आणि फोन एकेक घर पुढे सरकवायचा. मी फोनला हातच लावायचा नाही असं स्वतःला बजावून मागे बसले. अर्ध्या तासात १४ जणांनी शूट केलं. एकीचं बोट लेन्सवर, एकीचं डोकं कापलेलं, काही हरकत नाही.

लगेच बालवाडीच्या टीव्हीवर दाखवायचं होतं. त्याच दिवशी दाखवणं फार गरजेचं, आठवड्याने दाखवलं तर ती मजा राहत नाही आणि काय चुकलं तेही कळत नाही. पेनड्राइव्हवर घातलं, टीव्हीला लावलं, तर आवाज येतोय पण पडदा काळा. पाऊण तास गेला, चार जणी कंटाळून घरी गेल्या. कारण सापडलं ते असं की फोन एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) रेकॉर्ड करत होता आणि जुना टीव्ही ते उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "हाय एफिशियन्सी व्हिडिओ" असं काहीतरी असतं ते बंद केलं की एच.२६४ ह्या जुन्या पद्धतीत होतं, मग फाइल जरा मोठी होते पण कुठेही चालते. सोबत १०८०पी आणि ३० फ्रेमवर दोन्ही फोन लॉक केले. ४के च्या नादाला लागू नका, साठवायला जागा नाही आणि आपल्या कॉम्प्युटरला झेपत नाही.

१९ जानेवारी, रविवार

संक्रांत झाली, घरोघरी हळदीकुंकू चालू आहे, तर बायका म्हणाल्या आज हळदीकुंकवाचंच शूटिंग करू. मला वाटलं विषय सोडून चाललंय, पण गप्प बसले. बरं झालं गप्प बसले, कारण ओळखीच्या कार्यक्रमात हात लवकर बसतो.

घरी येऊन फाइली बघितल्या. २७ क्लिप, त्यातल्या १९ मध्ये फरशी, पाय, वाणाच्या पिशव्या. झालं असं की बटण दाबलं की रेकॉर्ड सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि कुठेतरी एकदा जास्त दाबलं गेलं की तिथून पुढे सगळं उलटं. बोलणं चालू तेव्हा बंद, आणि फोन खाली धरून चालताना चालू. उपाय: वरचे आकडे पळायला लागले का बघायचं, मनात पाच मोजायचे, मग समोरचीला "बोला" म्हणायचं. बोलणं संपल्यावर पुन्हा पाच मोजायचे आणि मगच बटण. ही पाच-पाचची सवय पुढे एडिटिंगलाही खूप कामाला आली.

२ फेब्रुवारी, रविवार

काल माघी गणपती बसला, मंडपाचा स्पीकर शेजारीच, त्यामुळे शूटिंग शक्य नाही. आज कागदावरचं काम केलं.

चार्ट पेपरवर चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात एक चित्र, फिल्ममध्ये काय दिसायला हवं ते. लिहिता न येणाऱ्या चौघी आहेत पण चित्र सगळ्यांनी काढलं. मग प्रत्येकीला पाच टिकल्या दिल्या, जे चित्र सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्यावर चिकटवायच्या. टिकल्यांची आयडिया अध्यक्ष ताईंची, मी हात वर करून मोजणार होते. टिकल्या चांगल्या कारण कोणी कशाला मत दिलं ह्यावर तिथे तोंडातोंडी होत नाही.

मी मनात जी यादी धरून गेले होते ती अशी: आधीची परिस्थिती, गटाने ताबा घेतला तो दिवस, आताचा स्वच्छ संडास, दोन मुलाखती. टिकल्या पडल्या त्या मात्र वेगळ्याच जागी. पहिला नंबर पायऱ्या. दुसरा नंबर रात्रीची चावी (रात्री संडासाला कुलूप असतं, त्याची). तिसरा पाणी. ताबा घेतला त्या दिवसाच्या फोटोला दोन टिकल्या मिळाल्या. मी विचारलं पायऱ्यांचं काय एवढं, तर म्हणाल्या अहो ताई संडासाला वापरायचं पाणी आम्ही खालून डोक्यावर आणतो, वरच्या टाकीत पाणी चढत नाही, मग पायऱ्या नकोत का दाखवायला? दोन वर्षं मी ह्या बायकांसोबत काम करतेय, टाकीला पाणी चढत नाही हे माझ्या रिपोर्टमध्ये "पाणीपुरवठा अनियमित" असं एका ओळीत होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पाण्याचं शूटिंग. पाणी पहाटे ४ ते ६ येतं ते खालच्या नळाला. मी पावणेचारला पोचले. आणि तिथे लक्षात आलं की जे सगळ्यात जास्त दाखवायचंय ते घडत असतं तेव्हा एकीचाही हात मोकळा नसतो. हंडे, कळश्या, ड्रम, लाइन, प्रत्येक मिनिट मोलाचं, कोण फोन धरणार? कॉलेजचा मुलगा झोपला. मी स्वतः शूट करावं असं दोनदा वाटलं, पण बायकांनीच करायचं हे ठरलेलं, आणि एकदा मी धरला की पुढे प्रत्येक वेळी "ताई तुम्हीच घ्या" होणार हे अनुभवाने माहिती आहे. त्या दिवशी काहीच मिळालं नाही.

ह्याच टेकडीच्या पलीकडे भांडुप कॉम्प्लेक्स आहे, मुंबईला जाणारं पाणी जिथे शुद्ध होतं ते. तलावातून निघालेलं एवढं पाणी ह्यांच्या उशाशी येऊन पुढे शहरात जातं आणि ह्या पहाटे पावणेचारला हंडा घेऊन उतरतात. फिल्ममध्ये हे वाक्य घालायचं का ह्यावर नंतर चर्चा झाली, बायका नको म्हणाल्या, रडगाणं वाटेल म्हणून. मला मात्र ते डोक्यातून जात नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उपाय एका काकूंनी काढला. पायऱ्यांवर ट्रायपॉड उभा राहत नाही, अरुंद जागा, कोणाचा तरी पाय लागतो. त्यांनी आपल्या खिडकीच्या ग्रिलला जुन्या ओढणीने फोन बांधला, आडवा, खाली पायऱ्यांकडे तोंड करून, बटण दाबलं आणि हंडा घेऊन खाली गेल्या. दुसरा फोन नळाच्या वरच्या पत्र्याला नायलॉनच्या दोरीने. ५० मिनिटांचं सलग चित्रण मिळालं आणि ते आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं, कारण फोनकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

दोन चुका झाल्या त्या लिहून ठेवते. नळावरच्या फोनवर ४:२२ ला फोन आला (कोणीतरी पाणी आलं का विचारायला केला होता) आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं, म्हणून एरोप्लेन मोड विसरू नका. आणि लेन्स पुसली नव्हती, खांबावरच्या दिव्याभोवती धुक्यासारखं दिसतंय. आता नियमच केलाय, बटणाआधी पदराने लेन्स पुसायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

संडासाच्या आतलं शूटिंग. बायकांनी नियम ठरवला की दुपारी २ ते ३ बायकांची बाजू बंद ठेवायची, बाहेर पाटी लावायची, आत दोघीच जाणार, फ्रेममध्ये माणूस नको. पाटीवर "शूटिंग चालू" लिहायचं नाही, "दुरुस्ती चालू" लिहायचं, नाहीतर भीतीने दोन दिवस कोणी येणार नाही. हे मला सुचलं नसतं.

आत ट्यूबलाइट आहेत, व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, फोनचा शटर (एकेक चित्र टिपायला लागणारा वेळ) त्याच्याशी जुळत नाही म्हणून होतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतं) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. काही फोनमध्ये फ्लिकर ५०/६० असं सेटिंग पण असतं, तिथे ५० निवडा.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस. सहा मुलाखती गेल्या. गेल्या आठवड्यात संस्थेचा एक फोन चार्जिंगला होता म्हणून एका ताईंनी स्वतःच्या घरच्या फोनवर मुलाखती घेतल्या, छान घेतल्या म्हणे. मी म्हटलं रविवारी कॉपी करू. मधल्या दिवसांत मुलाला जागा हवी होती, त्याने गॅलरी साफ केली. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या ताई रडल्या. चार मुलाखती पुन्हा घेता येतील, पण एक आजी गावी गेल्यात आणि एकीने सांगितलं की ते सगळं मी पुन्हा नाही बोलणार, एकदा बोलले ते बोलले.

आजपासून: शूटिंग झालं की त्याच संध्याकाळी कॉपी, दोन ठिकाणी, आणि वहीत तारीख, फोन, कोण बोललं, किती क्लिप हे लिहायचं. १ टीबीची हार्डडिस्क घेतली, ४,६०० रुपये. बजेटमध्ये नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवून ठेवणं म्हणजे कॉपी नाही, तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दहावीची परीक्षा परवापासून सुरू झालीय, दोन्ही मुली १७ मार्चपर्यंत नाहीत.

९ मार्च ते ३० मार्च

काम बंद. गटातल्या निम्म्या बायका शिमग्याला कोकणात गेल्या, ज्या सातारकडच्या त्या एकट्या काय करणार. १४ तारखेचं धुलिवंदन, पण पालखी घरी येऊन गेल्याशिवाय कोणी परत येत नाही. मग पाडवा. तीन आठवडे गेले. मी जानेवारीत जो तक्ता केला होता त्यात मार्चमध्ये एडिटिंग पूर्ण असं लिहिलं होतं. भांडुपच्या डोंगरावर काम करताना शिमगा आणि गणपती तक्त्यात आधी लिहा, बाकीचं नंतर.

६ एप्रिल, रविवार

आतापर्यंतचं सगळं शूटिंग एकत्र बसून बघितलं. न कापता, सलग तीन तास. हा दिवस मी आधी धरलाच नव्हता, मला वाटलं होतं मी घरी बघून निवडक दाखवीन. तसं केलं असतं तर पुढच्या दोन्ही गोष्टी झाल्या नसत्या.

पहिली चावीची. रात्री ११ नंतर संडासाला कुलूप असतं (दारुडे येऊन बसायचे म्हणून) आणि चावी सत्तराव्या पायरीजवळच्या काकूंकडे. रात्री कोणालाही लागलं की त्यांचं दार वाजवायचं. कॉलेजच्या मुलाने एक रात्र त्यांच्या दाराबाहेर फोन लावून ठेवला होता, काकूंनीच सांगितलं होतं लाव म्हणून. पडद्यावर आम्ही बघतोय, दार उघडतंय, चावी जातेय, चावी येतेय, दार लागतंय. एका रात्रीत सात वेळा. खोलीत सगळ्या गप्प झाल्या. प्रत्येकीला माहिती होतं की आपण महिन्यातून दोन-तीनदा दार वाजवतो, सगळ्यांचं मिळून किती होतं हे कोणी मोजलंच नव्हतं. काकू दोन वर्षं सलग झोपलेल्या नाहीत. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि आजही म्हणाल्या, "असू दे गो, मला सवय झाली." पण गटाने तिथेच ठरवलं की चावी दर आठवड्याला घर बदलणार. आठ घरांची नावं वहीत लिहिली. फिल्म पूर्ण व्हायच्या आधीच हे झालं.

दुसरी गोष्ट सफाईच्या दादांची. बायकांना त्यांचा मान करायचा होता, म्हणून दोघींनी पहाटे ५ ला त्यांचं काम शूट केलं, मुलाखत घेतली, त्यांनीही हसत दिली, कागदावर सही केली. माझ्या हिशोबाने परवानगी पूर्ण. आज त्यांनी स्वतःला टीव्हीवर बघितलं आणि बघता बघता खाली मान घातली. नंतर बाहेर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, गावाला मी कंपनीत आहे एवढंच माहितीये. मुलीचं जमवायचं चाललंय. हे तिकडे गेलं तर?" मी म्हटलं मग काढून टाकू, तर म्हणाले बायकांना वाईट वाटेल, त्यांनी एवढं प्रेमाने केलंय. सही केली तेव्हाही कारण हेच होतं, नाही म्हणायला संकोच वाटला.

मी त्यांचं नाव न घेता गटाला एवढंच सांगितलं की ज्यांचा चेहरा दिसतोय त्या प्रत्येकाला पुन्हा एकदा एकट्याने विचारायचं, आता स्वतःला बघून झाल्यावर. तीन जणांनी नाही सांगितलं. तिघांचंही काढलं, आवाजही काढला, कारण आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. मूळ क्लिप त्यांच्यासमोर डिलीट केल्या, दोन्ही कॉपीतून. दादांच्या जागी आता ओली फरशी, बादली, आणि झाडू भिंतीला टेकवलेला असा शॉट आहे, ३० सेकंद. बायका म्हणाल्या हे बघून पण कळतं की कोणीतरी रोज करतंय.

आमची परवानगी आता तीन वेळा: शूटिंगआधी, स्वतःला बघितल्यावर, आणि कोणाला दाखवायचं ते ठरल्यावर. तिन्ही वेळा एकट्याने विचारायचं, गटासमोर नाही. वेळ लागतो. लागू द्या.

१३ एप्रिल, रविवार

कागदावरचं एडिटिंग. प्रत्येक क्लिपमधलं एक चित्र छोटं प्रिंट करून आणलं (११० चित्रं, प्रिंट आणि चार्ट पेपर धरून आतापर्यंत ६२० रुपये) आणि जमिनीवर पसरलं. बायका खाली बसून पत्ते लावावेत तशी लावत होत्या, हे आधी, ते नंतर. कॉम्प्युटरसमोर एक जण बसतो आणि बाकीच्या मागे उभ्या राहतात, जमिनीवर सगळ्यांचे हात पोचतात.

भांडण झालं ते पायऱ्यांवरून. एका काकूंच्या मागोमाग त्यांच्या सुनेने फोन धरून सगळ्या पायऱ्या चढल्या होत्या, नळापासून संडासाच्या टाकीपर्यंत, डोक्यावर हंडा, मध्ये दोन ठिकाणी दम खायला थांबणं, १६४ पायऱ्या, ४ मिनिटं १० सेकंद. मी म्हटलं एवढा लांब शॉट कोणी बघणार नाही, २० सेकंद ठेवू, लोकांना कळतं. मी खूप जोर लावला, म्हटलं १४ मिनिटांच्या फिल्ममध्ये चार मिनिटं नुसत्या पायऱ्या? अध्यक्ष ताई म्हणाल्या, "साहेब लोक वर चढून येत नाहीत ना, मग बसल्या जागी चढू देत." त्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. शॉट पूर्ण राहिला. मला तेव्हा पटलेलं नव्हतं हे प्रामाणिकपणे लिहिते.

२० एप्रिल, रविवार

कॉम्प्युटरवर जोडायला घेतलं, शॉटकट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. दहावी झालेल्या दोघी मुली आणि मी. तीन तासांनी लक्षात आलं की लांब मुलाखतींत ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे बिघडत जातं. आवाज सरकवून बघितला, तुकडे करून बघितले, दुसऱ्या दिवशी पण तेच, एकूण ९ तास गेले. कारण: फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. सगळ्या क्लिप आधी हँडब्रेकमधून "कॉन्स्टंट फ्रेमरेट" ३० करून घेतल्या (हेही फुकटचं सॉफ्टवेअर), रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला, आणि मग जोडल्या, सगळं जागेवर. हे काम पहिल्याच दिवशी करा.

माइकचं पण इथेच लिहिते. नवीन फोनला गोल पिनची जागा नसते, टाइप-सी कन्व्हर्टर लागतो. पहिला १५० चा घेतला, फोनने माइक ओळखलाच नाही आणि फोनच्या आतल्या माइकवरच रेकॉर्ड होत राहिलं, आम्हाला कळलं घरी आल्यावर. दुसरा ३५० चा चालला. दर वेळी सुरू करण्याआधी माइकवर नखाने टकटक करून ५ सेकंद रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं.

४ मे, रविवार

कच्ची फिल्म गटाला दाखवली. १३ बदल सांगितले, सगळे केले. एक वाद: दुसऱ्या वस्तीला दाखवायची त्यात पैशांचा हिशोब हवा (पास १२० रुपये महिना, किती घरं देतात, किती थकवतात), पण टाकीच्या पाण्याच्या अर्जासोबत सरकारी ऑफिसात दाखवायची त्यात तो नको. म्हणून दोन फिल्म झाल्या, काम वाढलं पण बरोबर आहे.

चहाच्या वेळी मी त्यांना फोगोचं सांगितलं. कॅनडात फोगो नावाचं बेट आहे, मच्छीमारांचं, १९६७ साली तिथे लोकांना बेट सोडून दुसरीकडे हलवायचं घाटत होतं. तेव्हा लोकांचं बोलणं फिल्मवर घेऊन आधी बेटावरच्याच लोकांना दाखवलं, एका गावचं दुसऱ्या गावाला, आणि मग सरकारला. एका मालवणी काकूंनी लगेच विचारलं, "मग हलवल्यानी?" नाही, राहिले, सहकारी संस्था काढली माशांची. कोकणातल्या बायकांना हे फार जवळचं वाटलं. दुसरं सांगितलं अहमदाबादचं, सेवा ह्या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी १९८४ पासून स्वतः व्हिडिओ काढायला सुरुवात केली, त्यात लिहिता-वाचता न येणाऱ्या पण होत्या. आमच्या चौघींपैकी एक म्हणाली, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत.

११ मे, रविवार

एक क्लिप बाहेर गेली. गटातल्याच एकीने कौतुकाने कच्च्या फिल्मचा तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत वस्तीत परत आला, आणि त्यात जी ताई पाणी सोडण्यावरून होणाऱ्या वशिल्याबद्दल बोलते तिच्या घरी दोन जण येऊन दम देऊन गेले. गट एकत्र तिच्या घरी जाऊन बसला, तीन संध्याकाळी. ते थांबलं. पण भीती जायला वेळ लागला आणि तिने ते वाक्य काढायला सांगितलं, काढलं. पूर्ण होईपर्यंत फिल्म कोणाच्याच फोनवर द्यायची नाही, फक्त टीव्हीवर बघायची, हे मी आधी ठरवायला हवं होतं. ह्या नोंदीतली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती माझी.

२६ मे, सोमवार

३१ तारखेला मोकळ्या जागेत सगळ्या वस्तीला दाखवायची होती, प्रोजेक्टर ठरवला, मंडळाने स्पीकर फुकट देऊ केला, पांढरी चादर शिवून तयार. आज मान्सून मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. सकाळपासून पायऱ्यांवरून ओढा वाहतोय. मोकळ्यावरचा बेत रद्द.

३१ मे, शनिवार

बालवाडीच्या खोलीत ४० माणसं मावतात, म्हणून तीन खेळ केले, ६, ७ आणि ८ वाजता. प्रोजेक्टरचं भाडं १,८०० गेलंच. पत्र्यावर पाऊस एवढा की पहिल्या खेळात कोणालाच नीट ऐकू आलं नाही, दुसऱ्याला स्पीकर खोलीच्या मधोमध ठेवला. पायऱ्यांच्या शॉटला पोरं मोठ्याने आकडे मोजायला लागली, तिन्ही खेळांत, कोणी सांगितलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूची घाण का दाखवली म्हणून दोघांनी आक्षेप घेतला, त्यांना अध्यक्ष ताईंनी सांगितलं की पुढच्या रविवारी झाडू घेऊन या. एक जण आला.

१७ जून, मंगळवार

सरकारी ऑफिसात फिल्म दाखवली, टाकीच्या पाण्याच्या अर्जासोबत. दोघी बायकांनी कामावर खाडा केला (धुणीभांडी करतात), त्यांना ३००-३०० गटाच्या ठरावाने दिले. सव्वा तास बाकावर बसलो. साहेब म्हणाले पाच मिनिटं आहेत. १४ मिनिटांची फिल्म दाखवता येणार नव्हती, मी घाबरून कुठून लावायची विचारत होते, काकू म्हणाल्या पायऱ्या लाव.

पहिला मिनिटभर साहेब फोनवर काहीतरी बघत होते. हंड्यातलं पाणी हिंदकळायचा आवाज आणि काकूंचा श्वास, बाकी काही नाही त्या शॉटमध्ये. मग फोन खाली ठेवला. काकू हळू आवाजात मोजत होत्या. शंभराच्या आसपास साहेबांनी विचारलं, "अजून किती आहेत?" काकू म्हणाल्या, "चौसष्ट." ते शेवटपर्यंत बघत राहिले.

अर्ज घेतला, नंबर दिला, जागा बघायला येतो म्हणाले.

२९ जून, रविवार

२६ तारखेला दोन जण येऊन गेले, पावसात, वरपर्यंत चढले, टाकीची उंची मोजली. पाणी अजून चढलेलं नाही. पुढे काय होतं ते झाल्यावर लिहीन.

खर्च: ट्रायपॉड ७५०, माइक ९००, दोन कन्व्हर्टर ५००, दोन मेमरी कार्ड १,२००, पेनड्राइव्ह ४५०, हार्डडिस्क ४,६००, प्रिंट आणि कागद ६२०, प्रोजेक्टर १,८००, खाड्याचे ६००, चहा-नाश्ता १२ रविवारचा ४,२००. एकूण १५,६२०. फोन आणि लॅपटॉप आधीचेच. शूटिंग पावणेसात तासांचं, साधारण ५० जीबी. मी दोन महिने धरले होते, सहा लागले.

आज शेजारच्या वस्तीतल्या नऊ बायका फिल्म बघायला आल्या होत्या. हिशोबाचा भाग तीनदा मागे घेऊन बघितला, एकीने वहीत उतरवून घेतला. पुढच्या रविवारी आमच्या मालवणी आजी तिकडे जाणार आहेत, फोन कसा धरायचा ते शिकवायला, सोबत सून. पेनड्राइव्ह कोणाकडे ठेवायचा हा प्रश्न होता, तर ठरलं की ज्या घरी त्या आठवड्याची चावी त्याच घरी, त्याच खिळ्याला.